दोघांपुरतं गाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पावसाळ्यातल्या एका शनिवारी आमच्या अंगणापाशी एक मोटार थांबली. आत तरुण जोडपं होतं, नुकतंच लग्न झालेलं असावं. मुलीनं काच खाली करून विचारलं, "काकू, इथं बघण्यासारखं काय आहे?" मी दारात तांदूळ निवडत बसले होते. लोहगड आहे, विसापूर आहे, पुढं पवनेचं धरण आहे, असं सगळं सांगितलं. "ते झालं बघून," मुलगा म्हणाला. "अजून काय?" आता यावर काय सांगणार? लग्न होऊन मी औंढ्यात आले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आपल्या गावात बघण्यासारखं काय आहे, हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता.

गाडी निघून गेली. मग मनात आलं, मुंबई-पुण्याची माणसं दोन दिवस विसाव्याला आमच्याकडे येतात. मग आम्ही दोघांनी कुठं जायचं?

लोणावळ्याच्या आसपास राहणाऱ्यांना शनिवार-रविवार म्हणजे काय ते ठाऊक आहे. एक्स्प्रेस-वे २००२ साली पुरता सुरू झाला आणि मुंबई दोन तासांवर आली. तेव्हापासून पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाकडे मोटारींची जी रांग लागते, तिच्यात आमच्या भागातला दूधवालासुद्धा अडकतो. गंमत म्हणजे हे धरण बांधलं रेल्वेनं, वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून. आमच्या गावात भातखाचरांच्या शेजारी आता बंगले आहेत. शनिवारी ते उजळतात, सोमवारी पुन्हा अंधारात जातात. तक्रार नाही, त्यावर गावातल्या पुष्कळांची चूल पेटते. पण त्या दोन दिवसांत गावात थांबू नये असं आम्हाला वाटायला लागलं, हे खरं.

आमचे हे रेल्वेत होते. कर्जतहून लोणावळ्यापर्यंत घाट चढताना गाडीला मागून इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. त्या बँकरवर यांची बरीचशी नोकरी गेली. भोर घाटातला हा लोहमार्ग १८६३ सालचा. चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. अंतर अठ्ठावीस किलोमीटर. माणूस तीसपस्तीस वर्षं तेच अठ्ठावीस किलोमीटर वर-खाली करत राहिला. ड्युटी कधी पहाटे, कधी रात्री. सलग दोन दिवस आम्ही दोघं कुठं गेलो असं लग्नकार्य आणि दहावं-बारावं सोडून झालंच नाही.

२०१४ मध्ये हे निवृत्त झाले. त्यानंतरचे काही महिने मला कठीण गेले, आता सांगायला हरकत नाही. यांना डाव्या कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं. यंत्र आणलं, पण ते कपाटात राहिलं. मी एक बोलायची, हे "काय?" म्हणायचे. मी पुन्हा सांगायची. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढायचा, मग हे गप्प. पुढंपुढं मी दुसऱ्यांदा सांगणंच सोडलं. घरात दोन माणसं, आणि बोलायची ती फक्त टीव्हीतली.

लेक लंडनला असते. फोनवरून तिला कळलं असावं. ती म्हणाली, "आई, बाबांना पास मिळतो ना? दोन दिवस कुठंतरी जाऊन या."

पहिली निवड यांची. माथेरान! कारण उघड होतं, छोटी गाडी. २०१५ च्या फेब्रुवारीत गेलो. जायचं कुठून, तर त्याच घाटातून खाली कर्जतला आणि तिथून नेरळला. हे खिडकीशी बसून प्रत्येक बोगदा, प्रत्येक वळण मला सांगत होते. चला, बोलतायत तरी, असं म्हणून मी ऐकत राहिले. नेरळहून ती चिमुकली गाडी निघाली, डुलत डुलत दोन तासांवर वेळ घेत वर चढली. ती १९०७ सालची, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं बांधलेली. यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. एवढ्यापुरतं माथेरान उत्तम.

पण वर पोचल्यावर? ठाण्याचा इंग्रज कलेक्टर ह्यू मॅलेट याला १८५० साली ही जागा आवडली आणि मग ठिकाण वसलं. महाबळेश्वरही तसंच, गव्हर्नर माल्कमच्या वेळचं. इंग्रजांना उन्हाळा सोसवत नव्हता, म्हणून त्यांनी डोंगरावर आपल्या विलायतेच्या नकला उभ्या केल्या आणि दरीच्या काठाला पॉइंट काढले. पॉइंटवर माणूस काय करतो? गावाकडे पाठ करून उभा राहतो. समोर दरी. पाच मिनिटं बघितली, फोटो काढला, की पुढचा पॉइंट. पंचविशीतल्या जोडप्याला दरी पुरते, कारण त्यांना एकमेकांकडेच बघायचं असतं. साठीतल्या जोडप्याला नुसती दरी पुरत नाही. त्यांना बघायला माणसं लागतात, बाजार लागतो, कुणाचं तरी काम चाललेलं लागतं.

आणि आमचा वेडेपणा असा, की डोंगरातली माणसं आम्ही, डोंगर बघायला गेलो! मुंबईकराला धुकं म्हणजे चैन. मला धुकं म्हणजे चार महिने न वाळणारे कपडे आणि डब्यातल्या पापडांना आलेली बुरशी. माथेरानात मोटारी नाहीत ही मोठी सुखाची गोष्ट, पण माझ्या गुडघ्यांना ती लाल मातीची चढउतार मानवली नाही. दुसऱ्या दिवशी मी खोलीवर बसून राहिले आणि हे एकटेच स्टेशनावर जाऊन गाड्या बघत बसले. परतताना आम्ही फारसं बोललो नाही.

गाव कसं निवडायचं ते पुढं आम्हाला सातासमुद्रापलीकडे कळलं. २०१८ च्या मे महिन्यात लेकीकडे गेलो होतो. तिकडे नवराबायको शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटतात आणि दोन रात्रींसाठी एखाद्या जुन्या शहरात जातात. लेक आणि जावई दोघांचा हिशेब ठरलेला होता. आगगाडीनं दोन तासांच्या आतबाहेरचं गाव. स्टेशनापासून पायी जाता येईल अशी खोली. आणि एका वेळी एकच गाव, वाटेत आणखी दोन उरकायची नाहीत. बाथला ती दोघं जाऊन आली होती. तिथं गरम पाण्याचे झरे आहेत आणि रोमन लोकांनी बांधलेलं स्नानगृह आहे. मी विचारलं, "मग अंघोळ केलीत का?" तर त्या जुन्या कुंडात उतरू देत नाहीत, नुसतं बघायचं. आमची वज्रेश्वरी त्या बाबतीत बरी.

आम्हा दोघांसाठी लेकीनं यॉर्क निवडलं. का, ते तिथं उतरल्यावर समजलं. स्टेशनाला लागूनच रेल्वेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, १९७५ पासूनचं, आणि आत जायला पैसे पडत नाहीत. 'मॅलर्ड' नावाचं निळं इंजिन तिथं उभं आहे. १९३८ साली ते ताशी १२६ मैलांनी, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर धावलं होतं. वाफेच्या इंजिनाचा तो जागतिक विक्रम. हे त्याच्यापुढे हात जोडतात की काय, असं मला वाटलं! लेकीनं यांना तिथं सोडलं आणि मला म्हणाली, "चल, आपण तटावरून फिरू." यॉर्कला जुना दगडी तट आहे आणि त्याच्यावरून चालता येतं. एका बाजूला मोठं चर्च, खाली लोकांच्या परसबागा, कुणी कपडे वाळत घालतंय, कुणी गवत कापतंय. मग शॅम्बल्स नावाची पूर्वीची खाटीक आळी, इतकी अरुंद की वरचे मजले एकमेकांना टेकतील असं वाटतं.

तीन तासांनी आम्ही भेटलो. आणि संध्याकाळी चहा पिताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हे मला मॅलर्डबद्दल सांगत होते आणि मी यांना तटाबद्दल सांगत होते. दोघांनी सगळं बरोबर बघितलं असतं तर सांगायला काय उरलं असतं?

घरी आलो आणि ठरवलं की आपणही असंच करायचं. पण ते ठरवणंच राहिलं. आधी यांच्या डोळ्याचं ऑपरेशन, मग २०२० चा तो काळ. अखेर २०२३ च्या हिवाळ्यात गाव निवडायची पाळी माझ्यावर आली. लग्नानंतर पहिल्यांदा. मी म्हटलं, मिरज.

"मिरज?" हे म्हणाले. "तिथं बघायला काय आहे?"

मिरजेचं नाव मी लहानपणी रेडिओवर ऐकलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रिका लागायची. खाँसाहेब मिरजेला राहायचे आणि १९३७ साली गेल्यावर तिथंच मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना ठेवलं, हे वडील सांगायचे. मला गाणं येतं ते गावातल्या भजनी मंडळापुरतं. पण ज्या तानपुऱ्यावर ते गात असतील तो बनतो कसा, हे एकदा बघावं असं मनात होतं. यांना मात्र दर्ग्याबिर्ग्याचं सांगून भागणार नव्हतं. मी म्हटलं, "मिरज जंक्शन आहे." एवढं पुरलं. मिरजेत एके काळी रुंद, मीटर आणि अरुंद असे तिन्ही मापांचे रूळ येत होते, हे मग त्यांनीच मला सांगितलं. आणि २०१६ साली लातूरला पाण्याची गाडी गेली ती इथूनच.

मुंबईहून सकाळी निघणारी कोयना आमच्या लोणावळ्याला थांबते. शुक्रवारी तिच्यात बसलो, संध्याकाळी मिरजेत. पुण्यात गाडी बदलायची कटकट नाही. खोली तळमजल्याची घेतली. साठी ओलांडलेल्यांनी ही चौकशी आधी करावी, लाजू नये. लॉजवाल्याला एसी आहे का विचारण्याआधी जिने किती ते विचारावं.

शनिवारी सकाळी हे स्टेशनावर गेले, मी दर्ग्यात. खाँसाहेबांच्या कबरीपाशी बसले थोडा वेळ. कुणी हटकलं नाही. दुपारी दोघं मिळून सतारमेकर गल्लीत गेलो. इथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचं काम सरत आलं, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि गल्लीचा धंदाच बदलला. दुकानांत छताला भोपळे टांगलेले. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, खायचे नव्हेत, खास वाद्यासाठी पिकवलेले, जाड सालीचे. वाळवून, कापून, आतून साफ करून त्यावर लाकूड चढवतात. भुशाचा आणि रोगणाचा वास येत होता.

एका दुकानात म्हातारे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढत होते. तार जिच्यावर टेकते त्या घोडीचा माथा घासायचा, तारेखाली बारीकसा दोरा घालायचा आणि तो केसभर सरकवत राहायचा. नेमक्या जागी आला की एका तारेतून अनेक आवाज निघायला लागतात. मला ते ऐकू येत होतं. हे दाराशी उभे. चेहऱ्यावर तोच भाव, ज्याला मी इतकी वर्षं दुर्लक्ष म्हणत होते. कारागिरांनी बघितलं, काही विचारलं नाही. यांना बोलावलं, शेजारी बसवलं आणि यांचा हात धरून भोपळ्यावर ठेवला. मग तार छेडली. दोरा सरकवला. पुन्हा छेडली.

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोड घेतला की इंजिनाची फरशी पायाला अशीच लागते."

कारागीर हसले. त्यांना घाट, बँकर, सगळं समजावून सांगण्यात पुढचा अर्धा तास गेला. हे तानपुऱ्यावरचा हात काढायला तयार नव्हते. तानपुरा आम्ही घेतला नाही, तो आमच्या आवाक्यातला नव्हता आणि त्यांनीही घ्या म्हटलं नाही. पुढं मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा यांनी ती बातमी पेपरातून कापून ठेवली. अजून आहे, कपाटात, कानाच्या यंत्राच्या डबीशेजारी.

त्या संध्याकाळी खानावळीत जेवायला बसलो. जागा कमी होती म्हणून मी समोर न बसता यांच्या उजव्या हाताला बसले. मी काहीतरी म्हटलं आणि यांनी पहिल्याच वेळी उत्तर दिलं. घरात आमच्या खुर्च्या वर्षानुवर्षं अशा मांडलेल्या, की मी यांच्या डाव्या बाजूला. दोन्ही खुर्च्यांची अदलाबदल करायला पाच मिनिटं लागली असती. पण ती सुचायला मिरजेच्या खानावळीत जावं लागलं.

रविवारी परतीची कोयना. संध्याकाळी लोणावळ्याला उतरलो तर फलाटावर मुंबईला परतणाऱ्या जोडप्यांची गर्दी, हातात चिक्कीच्या पिशव्या. रिक्षावाल्यानं विचारलं, "काय काकू, फिरून आलात वाटतं? कुठं, महाबळेश्वर?"

यापुढचं गाव निवडायची पाळी पुन्हा माझी आहे, कारण मधे एकदा सोलापूर यांनी निवडलं. मी वाई म्हणतेय. कृष्णेचा घाट आहे, ढोल्या गणपती आहे. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे आणि वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावात बसून झालं, ते गाव मला एकदा बघायचंय. यांचं म्हणणं, वाईला स्टेशनच नाही, पास कुठला चालवणार? मी म्हटलं, वाठारला उतरू, पूर्वी महाबळेश्वरला जाणारे साहेबलोकही तिथंच उतरायचे. तेव्हापासून हे वेळापत्रक घेऊन बसलेत, वाठारला कुठली गाडी थांबते ते बघतायत.