टेक्सास : वसाहतीकडून युद्धाकडे

सीमा आधी नांगर ओलांडतो. सैन्य मागाहून येते. टेक्सासचेच पाहा. १८२१ मध्ये स्वतंत्र झालेल्या मेक्सिकोने या विरळ वस्तीच्या मुलखात अमेरिकी शेतकऱ्यांना राजीखुशीने जमिनी दिल्या. कोमांची टोळ्यांना आळा बसावा, हा हेतू. वसाहतकारांनी मात्र कापसाच्या शेतीसाठी गुलामही आणले. १८२९ मध्ये मेक्सिकोने गुलामगिरी रद्द केली, तेव्हा टेक्सासने सूट मिळविली. १८३० मध्ये अमेरिकी वसाहतींवर बंदी आली, तरी लोंढा थांबला नाही. १८३६ मध्ये टेक्सास स्वतंत्र झाले आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाले. उरला वाद न्यूएसेस आणि रिओ ग्रँड या नद्यांमधल्या पट्ट्याचा. गुरे चारण्यापलीकडे त्याचे मोल ते काय! पण १८४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोक यांनी तेथेच सैन्य धाडले, चकमक झडली आणि युद्ध पेटले. १८४८ च्या तहानंतर, टेक्सास धरून, मेक्सिकोचा सुमारे निम्मा मुलूख गेलेला होता. मोबदला ठरला दीड कोटी डॉलर.