गटाच्या वहीची दुसरी प्रत

२००५, २०१९, २०२१. तिन्ही वर्षी कृष्णा-पंचगंगेचं पाणी गावात शिरलं. पाणी चढलं की दत्त महाराजांची उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. गटाची पेटी मात्र सचिवताईंच्या कपाटातच राहते. वही भिजली आणि कुणाचं कर्ज किती फिटलं हे वाचता आलं नाही, तर भांडण आपल्या आपल्यातच लागतं.

म्हणून दुसरी प्रत हवी. बैठक चालू असताना मात्र फोटो काढू नका. निम्म्या जणींचे हप्ते लिहिलेत, निम्म्यांचे राहिलेत, असा फोटो खोटा हिशेब दाखवतो. रोख मोजून कॅशबुकाशी जुळली, सह्या झाल्या, की त्या घडीचे फोटो घ्या. संगणकवाले याला स्नॅपशॉट म्हणतात. हडूपसारख्या व्यवस्थेत माहिती अनेक यंत्रांवर पसरलेली असते. तिथंही आधी स्नॅपशॉट घेतात, मग तो दूरच्या यंत्रांकडे धाडतात. पहिल्यांदा सगळं जातं, पुढं फक्त बदललेलं. आपणही तसंच करू: एकदा पूर्ण वही, मग दर बैठकीला बदललेली पानं, तारखेसह.

प्रत कुरुंदवाडला ठेवून उपयोग नाही, तिथंही हेच पाणी. उंचावरच्या गावातली विश्वासातली बाई शोधा. (व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या ग्रुपवर तर मुळीच नको, कुणाचं कर्ज गावभर कशाला?) जुनी प्रत पुसू नका. आज चुकीचा आकडा लिहिला गेला तर तो नव्या प्रतीतही जातो, मागच्या तारखेची प्रत असली तरच चूक सापडते.

आणि मे महिन्यात एकदा ते फोटो परत मागवा. त्यावरून कोऱ्या वहीत प्रत्येकीची शिल्लक उतरवता येते का, ते बघा.