घटत जाणारे घर : इंग्लंडमधील सदनिकेचा भाडेपट्टा आणि त्याची मुदतवाढ
(व्याख्यानाचा सारांश)



समाजातील अनेक कुटुंबांची मुले-मुली शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत. तेथे ती सदनिका घेतात, तेव्हा तिच्यात आई-वडिलांच्या आयुष्यभराच्या बचतीचाही वाटा असतो. ‘लंडनमध्ये मुलाचे स्वतःचे घर झाले’ ही वार्ता नातेवाइकांत आनंदाने सांगितली जाते. तो आनंद योग्यच आहे. परंतु त्या ‘स्वतःचे’ या शब्दाचा तेथील कायद्यातील अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

लीज हा शब्द आपल्याकडेही अपरिचित नाही. मुंबईत कित्येक गृहनिर्माण संस्था शासनाच्या, महापालिकेच्या किंवा बंदर प्राधिकरणाच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. मात्र तेथे पट्टा जमिनीचा असतो आणि त्याच्या नूतनीकरणाची चिंता संस्था वाहते. इंग्लंड व वेल्समध्ये बहुतेक सदनिका स्वतंत्रपणे, प्रत्येकी भाडेपट्ट्याने विकल्या जातात. इमारत व जमीन भूस्वामीची राहते. खरेदीदारास 99, 125 किंवा 999 अशा ठरलेल्या वर्षांचा हक्क मिळतो. मुदत संपली की सदनिकेची मालकी भूस्वामीकडे परत जाते. म्हणजे जे विकत घेतले, ते दरवर्षी एकेका वर्षाने घटत असते. ही चिंता ज्याची त्याने वाहायची असते.

या घटीला आवर घालण्याचा हक्क संसदेने 1993 च्या कायद्याने दिला. त्यानुसार पात्र पट्टेदारास उरलेल्या मुदतीत 90 वर्षांची भर घालून मागता येते, आणि ‘ग्राउंड रेंट’ म्हणजे जमिनीचे वार्षिक भाडे नाममात्र होते. इंग्रजी कायद्याच्या जुन्या परिभाषेत ते ‘मिरीचा एक दाणा’ एवढे असते. या हक्काच्या मोबदल्यात भूस्वामीला एकरकमी अधिमूल्य द्यावे लागते. सारा प्रश्न त्या रकमेचा आहे, आणि ती रक्कम उरलेल्या वर्षांवर ठरते.

येथे 80 हा आकडा प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावा. मुदत 80 वर्षांपेक्षा अधिक असेल, तर भूस्वामीचे प्रत्यक्ष होणारे नुकसान तेवढे भरून द्यावे लागते. ती 80 च्या खाली गेली, की ‘मॅरेज व्हॅल्यू’ नावाचा दुसरा भाग जोडला जातो. मुदत वाढल्याने दोन्ही पक्षांच्या हितसंबंधांची एकत्रित किंमत जितकी वाढते, तिचा निम्मा हिस्सा भूस्वामीला जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दीर्घ मुदतीची 3,00,000 पौंड किमतीची सदनिका. सोयीसाठी जमिनीचे भाडे शून्य धरू. सदनिकांसाठी 2006 च्या स्पोर्टेली निर्णयापासून रूढ झालेल्या 5 टक्के दराने, 81 वर्षे उरली असता अधिमूल्य सुमारे 5,700 पौंड येते. तीच मुदत 70 वर्षांवर आली आणि सदनिकेची किंमत 2,70,000 पौंडांवर उतरली असे धरले, तर भूस्वामीचे नुकसान सुमारे 9,700 पौंड आणि मॅरेज व्हॅल्यूचा निम्मा हिस्सा सुमारे 10,150 पौंड, मिळून 19,850 पौंड होतात. अकरा वर्षांच्या दिरंगाईने रक्कम तिपटीहून अधिक झाली. शिवाय उरलेली वर्षे फार कमी असतील तर बँका कर्ज देण्यास कचरतात, आणि कर्ज न मिळणाऱ्या सदनिकेला गिऱ्हाईकही मिळत नाही.

मार्ग दोन आहेत. पहिला, कायद्यातील कलम 42 ची नोटीस. तिचे महत्त्व असे की, मूल्यांकन नोटीस दिल्या दिवसाचे धरले जाते. पुढे वाटाघाटी लांबल्या तरी घड्याळ तेथेच थांबते. भूस्वामीस उत्तरासाठी किमान दोन महिने द्यावे लागतात. उत्तरानंतर रकमेवर एकमत न झाल्यास सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. ती तारीख चुकली तर नोटीस बाद होते आणि नव्या नोटिशीसाठी बारा महिने थांबावे लागते. म्हणून भाडेपट्ट्याच्या कामात मुरलेला वकील व मूल्यांकनतज्ज्ञ यांची फी ही उधळपट्टी नव्हे.

दुसरा मार्ग आपसातील समझोत्याचा. तो स्वस्त व झटपट दिसतो. पण त्यात कायद्याचे संरक्षण नसते. वाढ 90 वर्षांहून कमी मिळू शकते, आणि जुन्या मुदतीपुरते वाढते भाडे तसेच चालू ठेवले जाऊ शकते. दर दहा वर्षांनी दुप्पट होणारे 250 पौंडांचे भाडे पन्नास वर्षांनी 8,000 पौंड होते, हे सही करण्यापूर्वी मांडून पाहावे.

कायदाही बदलत आहे. सदनिका दोन वर्षे आपल्या नावावर असण्याची अट 31 जानेवारी 2025 पासून रद्द झाली. नवा खरेदीदार नोंदणी होताच नोटीस देऊ शकतो. 2024 च्या कायद्यात 990 वर्षांची वाढ आणि मॅरेज व्हॅल्यू वगळणे या तरतुदीही आहेत. मात्र 2025 अखेरपर्यंत त्या अंमलात आल्या नव्हत्या. म्हणून ज्यांची मुदत 80 च्या खाली गेली आहे, त्यांनी थांबावे की पुढे जावे हे तज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरवावे. ज्यांची 80 च्या जवळ येत आहे, त्यांनी केवळ आशेवर ती रेषा ओलांडू देऊ नये. 2008 साली 99 वर्षांसाठी दिलेला पट्टा 2027 मध्ये त्या रेषेवर येतो.

वडीलधाऱ्यांनी आज घरी गेल्यावर परदेशातील मुलांना एकच प्रश्न विचारावा : ‘पट्ट्याची किती वर्षे उरली?’ उत्तर ठाऊक नसेल, तर तेथील भूमी नोंदणी कार्यालयातून माफक शुल्कात पट्ट्याची प्रत मिळते. घर घेण्यासाठी ज्यांनी पोटाला चिमटा काढून पैसा जोडला, त्यांना त्या घराचे आयुष्य विचारण्याचा अधिकार निश्चितच आहे. पैसा काटकसरीने पुन्हा साठवता येतो; पट्ट्यातील निसटलेली वर्षे मात्र पैसे मोजूनच परत घ्यावी लागतात, आणि उशीर होईल तसा त्यांचा भाव चढतच जातो.