कृष्णविवराच्या दाराशी चुंबकत्व



१९१८ साली हेबर कर्टिस यांनी अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या निरीक्षणांत एक नोंद केली. एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातून एक सरळ किरण निघालेला दिसतो, एवढीच ती नोंद. तो किरण कसला, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. आज आपण त्याला झोत म्हणतो. तो सुमारे ५,००० प्रकाशवर्षे लांब आहे, आणि त्याच्या मुळाशी सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे.

आता प्रश्न असा, की जे सर्व काही गिळते त्याच्या दारातून झोत बाहेर पडावा कसा? उत्तर असे, की तो दाराच्या आतून येतच नाही. कृष्णविवराभोवती तप्त, विद्युत्‌भारित वायू घुमत असतो आणि त्यात चुंबकीय बलरेषा गुंतलेल्या असतात. फिरणारे कृष्णविवर भोवतालचे अवकाशही ओढत नेते. त्यामुळे बलरेषांना पीळ बसतो आणि त्या पिळातून परिवलनाची ऊर्जा बाहेर पडते. १९७७ मध्ये ब्लँडफोर्ड आणि झ्नाएक यांनी हे गणिताने मांडले.

पण गणित जुळणे वेगळे आणि पुरावा मिळणे वेगळे. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर होकायंत्र कोण नेणार? सुदैवाने बलरेषांभोवती गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रकाशलहरी ठराविक दिशेने कंप पावतात. हेच ध्रुवण. शाळेत कागदावर लोखंडाचा कीस पसरून आपण चुंबकाच्या रेषा पाहिल्या; येथे तेच काम प्रकाश करतो.

जगभरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून केलेल्या इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने एप्रिल २०१७ मध्ये हे वेध घेतले. तेजोवलयाचे चित्र २०१९ मध्ये आले आणि ध्रुवणाचे मार्च २०२१ मध्ये. वलयावर भोवऱ्यासारख्या वळलेल्या रेघा होत्या. त्यांवरून क्षेत्राची तीव्रता निघाली १ ते ३० गाउस. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गाउसच्या आसपास असते. म्हणजे आकडा लहानच; पण हे क्षेत्र नेपच्यूनच्या कक्षेहून मोठ्या प्रदेशावर पसरलेले आहे. आत पडणाऱ्या वायूचा काही भाग थोपवून धरण्याइतके बळ त्यात आहे.

कर्टिस यांना अर्थ लागला नव्हता, तरी त्यांनी दिसले ते लिहून ठेवले. शंभर वर्षांनी उत्तर शोधणाऱ्यांना तीच नोंद आधाराला आली. ज्ञानाच्या व्यवहारात न उमगलेल्याची प्रामाणिक नोंदही ठेवच असते.