पैसा आला, पण कोणाच्या हाती?

(केनवड, ता. रिसोड, जि. वाशीम येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण. गावाबाहेर गेलेली माणसं घरी किती पैसे पाठवतात याची पाहणी गावातल्या बायकांनीच करावी, असं या मेळाव्यात ठरत होतं. त्या निमित्तानं हे बोलणं झालं.)



सुरुवातीला दोन प्रश्न विचारते. हात वर करू नका, मनातल्या मनात उत्तर द्या. तुमच्या घरातलं कोणी बाहेरगावी कमवायला गेलंय का? आणि गेलं असेल, तर गेल्या वर्षभरात त्यानं घरी किती पैसे पाठवले?

पहिल्याचं उत्तर लगेच आलं असेल. दुसऱ्यापाशी बऱ्याचजणी अडखळल्या असतील. यात आपल्या हिशेबाची चूक नाही. चौथी शिकलेली बाईसुद्धा बचत गटाचा हप्ता आणि व्याज तोंडी सांगते. आपण अडखळतो, कारण ते पैसे आपल्या हातावर कोणी ठेवलेलेच नसतात.

आज पाहणीबद्दल बोलायचंय ते यासाठीच. माणसं दूर जातात आणि घरी पैसे पाठवतात. हा पैसा मोजण्याचा खटाटोप जगभर चालतो. २०२२ साली परदेशातून भारतात आलेला असा पैसा शंभर अब्ज डॉलरच्या वर गेला. जगात इतका पैसा दुसऱ्या कुठल्याही देशात आला नाही. पण हा आकडा येतो कुठून?

एक वाट बँकेची. रिझर्व्ह बँक अधूनमधून पाहणी करते. त्यात ती परदेशी पैशाची देवघेव करणाऱ्या बँकांना आणि कंपन्यांना विचारते की कुठल्या देशातून किती आले, कुठल्या राज्यात गेले. २०१६-१७ च्या पाहणीत केरळ पहिलं होतं, १९ टक्क्यांवर. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्र एकदम ३५.२ टक्क्यांवर गेला आणि केरळ १०.२ वर आलं. २०२३-२४ मध्ये पुन्हा महाराष्ट्र २०.५ आणि केरळ १९.७. तुम्ही म्हणाल, बरं झालं, आपलं राज्य पुढं आहे! पण यातला रिसोड तालुक्यात किती आला? एखाद्या बाईच्या डब्यात किती पडला? बँकेला विचारलं तर बँकेला दिसतं तेवढंच कळणार. बँकेला खातं दिसतं, घर दिसत नाही. शिवाय हा झाला परदेशातला पैसा. पुण्याच्या बांधकामावरून किंवा उसाच्या फडावरून येणारा पैसा या मोजणीत नाहीच.

दुसरी वाट घरोघर जाऊन विचारण्याची. केरळात १९९८ साली तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेतल्या झकारिया, मॅथ्यू आणि इरुदया राजन या अभ्यासकांनी सुमारे दहा हजार घरांची पाहणी केली. पुढं दर काही वर्षांनी ती होत राहिली. २०२३ च्या पाहणीत बाहेरून आलेला एकूण पैसा सुमारे २ लाख १६ हजार कोटी रुपये धरला आहे. पण घरातल्या माणसांच्या हाती आला म्हणून सांगितलेला पैसा त्यात फक्त ४३ हजार कोटींच्या आसपास आहे, म्हणजे पाचातला एक हिस्सा. उरलेल्या पैशाला इतर वाटा असतात. कोणी स्वतःच्या नावावर ठेव ठेवतो, कोणी जागा घेतो. राज्यात पैसा येणं आणि घरात पैसा येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं यातून ध्यानात ठेवा. मी तिसरी गोष्ट जोडते: घरात पैसा येणं आणि बाईच्या हातात येणं याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या देशात राष्ट्रीय नमुना पाहणीनं हे मोठ्या प्रमाणावर विचारलं ते ६४ व्या फेरीत, जुलै २००७ ते जून २००८ या काळात. घर सोडून गेलेल्यानं गेल्या ३६५ दिवसांत किती पाठवलं आणि ते कशावर खर्च झालं? असा पैसा येणाऱ्या खेड्यातल्या दर शंभर घरांपैकी जवळजवळ पंचाण्णव घरांनी सांगितलं की तो घरखर्चाला लागला. चांगली पाहणी होती. पण त्या घरखर्चासाठी बाईला कोणापुढं हात पसरावा लागला, हे त्या एका शब्दात कुठं दिसतं?

आता माझीच एक फजिती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशाच एका पाहणीत फॉर्म भरत होते. एका घरी ओट्यावर सासरे बसलेले. त्यांनी सांगितलं, पोरगा महिन्याला पाच हजार धाडतो. मी लिहून घेतलं, चहा प्याले, निघाले. हापशीवर त्यांची सून भेटली. म्हणाली, "ताई, ते पैसे मामंजींच्या खात्यात येतात. माह्या लेकराच्या वहीले मले माहेरातून पैसे आणा लागतात." माझ्या कागदावर ते घर 'दरमहा पैसे येणारं घर' होतं. आकडा खरा होता, पण त्या बाईपुरता खोटा होता.

तेव्हा पाहणीत पहिला प्रश्न येतो, विचारायचं कोणाला? फॉर्मवर कुटुंबप्रमुख असा रकाना असतो आणि तिथं पुरुषाचं नाव जातं. बाई पुढं आली तर तीच म्हणते, "मले काय मालूम, त्यायले इचारा." वर्षानुवर्षं तिला कोणी विचारलंच नाही, म्हणून ती असं म्हणते.

दुसरा प्रश्न चुलीचा. सरकारी पाहणीत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं. व्याख्या सोपी आहे. पण नवरा मुंबईला, सुनेची चूल वेगळी आणि पैसे जातात सासूच्या चुलीकडं, असं असेल तर? सासूच्या घरी आकडा लागतो आणि सुनेच्या घरी शून्य. की सुनेच्या घरीही तोच आकडा दुसऱ्यांदा लिहायचा? हे आधी ठरवलं नाही, तर बेरीज चुकलीच म्हणून समजा.

तिसरा प्रश्न उचलीचा. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल देतो, ती बहुतेक नवऱ्याच्या हातात. त्यातून जुनं कर्ज फिटतं, लग्न होतं, घरी म्हाताऱ्यांसाठी दाणे भरले जातात. मग चार-पाच महिने दोघं राबून ती फेडतात. अशा घरी जाऊन विचाराल, "बाहेरून किती पैसे आले?", तर उत्तर येईल, "कायचे पैसे बाई, उचलच फिटत नाही." पैसा आधी आला, श्रम नंतर गेले. पाठवलेला पैसा शोधणाऱ्या फॉर्मला हा पैसा सापडत नाही. आणि त्या कोयत्यातला अर्धा वाटा बाईचा असतो, हे तर कुठंच लिहिलं जात नाही.

चौथी गोष्ट याच्याशीच जोडलेली. २०२०-२१ च्या सरकारी श्रमशक्ती पाहणीत दर शंभर स्थलांतरित बायकांपैकी जवळजवळ ८७ जणींचं कारण 'लग्न' असं नोंदलं आहे. लग्न करून आली हे खरंच. पण लग्नानंतर तीच बाई वीटभट्टीवर गेली, पुण्यात धुणीभांडी करू लागली आणि तिनं आईला चार पैसे धाडले, तर ते पैसे कोणी पाठवले म्हणायचं? कागदावर ती कमावणारी नसतेच. लेकीनं माहेरी पाठवलेला पैसा तर लपूनच जातो, कारण सासरी कळला तर बोलणी खावी लागतात. आपल्या फॉर्ममध्ये 'कोणी पाठवले' या रकान्यात मुलगी आणि बहीण हे शब्द छापलेले असलेच पाहिजेत.

पाचवी गोष्ट, पैसा एकाच दिशेनं वाहत नाही. पोरगा जायला निघतो तेव्हा त्याच्या भाड्याला, खोलीच्या डिपॉझिटला पैसे कुठून येतात? बायकोचे डोरले गहाण पडतात, आईच्या बचत गटातून कर्ज निघतं. नंतर एसटीनं डाळ, पीठ, लोणचं जातंच. तिकडं काम सुटलं की इथूनच पैसे जातात. २०२० च्या टाळेबंदीत माणसं चालत परतली, तेव्हा कोणाच्या साठवणीतल्या दाण्यांवर ती जगली? 'तिकडून काय आलं' एवढंच विचारलं तर गेलेला माणूस पोशिंदा दिसतो आणि घरची बाई खाणारी दिसते. 'इथून तिकडं काय गेलं' हाही रकाना घाला, मग हिशेब पुरा होतो.

या पैशामागची किंमत विचारायलाही विसरू नका. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यातल्या तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. विचारलं म्हणून हे कळलं. लीला गुलाटींनी केरळात आखाती देशांत गेलेल्या पुरुषांच्या बायकांचा अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९९३ साली आलं. मागं राहिलेल्या बाईवर कामं, कर्जं आणि निर्णय कसे येऊन पडतात ते त्यात आहे. पैशाच्या आकड्याशेजारी ही माहिती ठेवली, तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

आता विचारायचं कसं? 'वर्षभरात किती' असं विचारू नका, वर्षभराचं कोणाला आठवत नाही. पेरणीला किती आले? शाळा उघडल्यावर? पोळ्याला? दिवाळीला? सोयाबीन विकल्यावर आले की उलट इथूनच गेले? असं सणावारी आणि हंगामानं विचारलं की बाई भराभर सांगते. मग बेरीज आपण करायची. पुढं विचारा, पैसे कसे आले? पूर्वी पोस्टमन मनिऑर्डर घेऊन दारात यायचा. जिच्या नावाची असेल तिचीच सही नाहीतर अंगठा घ्यायचा, फॉर्मच्या तुकड्यावर दोन ओळींचा निरोप असायचा. आता फोनवर येतात. तो फोन कोणाच्या खिशात आहे? खातं तिच्या नावावर असेल तर पासबुक आणि कार्ड कोणाकडं आहे? आणि शेवटी, त्यातले किती पैसे ती कोणाला न विचारता खर्च करू शकली? हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात मोलाचा. मोठ्या पाहण्यांना तो विचारायला सवड नसते, आपल्याला आहे.

एक मात्र पक्कं बांधून घ्या. पैशाचा प्रश्न घरात भांडण लावू शकतो. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला हे विचारायचं नाही. दोघीजणींनी जा. एकीनं ओट्यावर बोलायचं, दुसरीनं चुलीपाशी. फॉर्मवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. एकीनं सांगितलेलं दुसरीच्या कानावर गेलं आणि त्यापायी तिला मार बसला, तर आपली पाहणी वाया गेली असंच मी मानीन. एखादी म्हणाली, नाही सांगत, तर "नाही सांगितलं" असं लिहा. तिथं शून्य लिहू नका.

कोणी म्हणेल, एका गावाच्या पाहणीनं काय होणार? देशाचा आकडा काही त्यातून निघणार नाही. पण ग्रामसभेत तुम्ही कागद घेऊन उभ्या राहाल. या गावातून इतक्या बाया राबायला जातात, इतक्या घरी उचल आहे, इतक्या बायकांच्या नावावर खातं असून पासबुक हातात नाही, हे सांगाल. तेव्हा 'आमच्या गावात असं काही नाही' म्हणणं कोणालाही जड जाईल. रोजगार हमीचं काम कुठल्या महिन्यात हवं, हेही त्याच कागदावरून मागता येईल.

पाहणी झाली की तिचे आकडे आधी इथंच, याच बायकांपुढं वाचा. ज्यांनी सांगितलं त्यांना ते पहिल्यांदा कळायला हवेत. त्या दिवशी मला बोलवा. आज मी बोलले, तेव्हा तुम्ही बोला आणि मी ऐकीन.