कर्ता हरवलेली वाक्ये



युद्धकाळात स्त्रियांवर होणारे लैंगिक अत्याचार आणि त्याबद्दलची समाजाची उदासीनता हा विषय मी कळवला, तेव्हा संयोजकांनी अदबीने विचारले, "मॅडम, भाषेच्या चर्चासत्रात हा विषय कसा बसेल?" प्रश्न योग्य होता. मी आयुष्यभर मराठीचे व्याकरण शिकवले आहे. कायद्याचा किंवा राजकारणाचा माझा अभ्यास नाही. पण या विषयाकडे मी व्याकरणाच्या वाटेनेच आले. ती वाट कशी होती, हे आधी सांगते.

बी. ए.च्या वर्गात मी 'प्रयोग' शिकवत होते. पुस्तकातल्या 'रामाने आंबा खाल्ला' या वाक्याला मुले कंटाळली होती, म्हणून वर्तमानपत्रांत नेहमी दिसणाऱ्या धाटणीचे तीन मथळे फळ्यावर लिहिले. 'तरुणीची अब्रू लुटली.' 'विवाहितेवर अत्याचार.' 'अल्पवयीन मुलीशी अतिप्रसंग.' या वाक्यांतले कर्ता, कर्म आणि क्रियापद ओळखा, असे सांगितले. थोड्या वेळाने एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, इथे कर्ता अध्याहृत आहे म्हणायचे, की कर्ताच नाही म्हणायचे?"

व्याकरणाचे उत्तर मी दिले. पण घरी गेल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. 'पाऊस झाला', 'उशीर झाला', तसेच आपण 'बलात्कार झाला' असे म्हणतो. जणू तो आभाळातून पडतो. पहिल्या मथळ्यात काय लुटले गेले? अब्रू. आणि अब्रू म्हणजे आपल्या बोलण्यात बहुतेक वेळा घराण्याची, बापाची, नवऱ्याची, गावाची ठेव. म्हणजे वाक्यातून गुन्हेगार गेला आणि जिला जखम झाली तीही गेली. उरली ती कुटुंबाची चोरीला गेलेली वस्तू.

याच सुमारास मी एका निकालपत्राचा मराठीत सारांश करत होते. ते होते रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचे, २ सप्टेंबर १९९८ चे. त्या निकालपत्रात मला भाषेचा एक वर्गच भेटला. आज मुख्यतः त्याबद्दल बोलणार आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. आफ्रिकेतल्या रवांडा या लहानशा देशात एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत तुत्सी समाजाची आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या हुतूंची कत्तल झाली. मृतांचा आकडा आठ लाखांच्या आसपास धरला जातो. त्याच शंभर दिवसांत किती स्त्रियांवर बलात्कार झाले, याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधीने १९९६ मध्ये मांडला. तो होता अडीच ते पाच लाख.

जगाला हे माहीत नव्हते असे नाही. २१ एप्रिलला, कत्तल ऐन भरात असताना, सुरक्षा परिषदेने तिथल्या शांतिसैनिकांची संख्या सुमारे २,५०० वरून २७० वर आणायचे ठरवले. जूनमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या 'वंशसंहाराची कृत्ये घडली आहेत' इतकेच म्हणायला तयार होत्या. नुसते 'वंशसंहार' म्हणायला तयार नव्हत्या. एका पत्रकाराने विचारले, अशी किती कृत्ये झाली म्हणजे वंशसंहार होतो? त्यांना उत्तर देता आले नाही. हा शब्द का टाळला जात होता? १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंशसंहार रोखण्याचे बंधन राष्ट्रांवर येते. शब्द उच्चारला की जबाबदारी आली. उदासीनतेची सुरुवात पुष्कळदा अशी शब्दनिवडीत होते.

आता ताबा नावाच्या गावाकडे वळू. तिथला प्रमुख होता ज्याँ-पॉल अकायेसू. त्याचे पद असे होते, की आपल्याकडच्या नगराध्यक्षाचा मान आणि तहसीलदाराचे अधिकार एकत्र केले तर त्याची कल्पना येईल. त्याआधी तो शिक्षक होता, पुढे शाळा तपासनीस झाला. आपल्याच व्यवसायातला माणूस. जीव वाचवण्यासाठी तुत्सी स्त्रिया मुलाबाळांना घेऊन त्याच्या कचेरीच्या आवारात आल्या, कारण सरकारी कचेरीत तरी आसरा मिळेल असे त्यांना वाटले. इंटरहाम्वे या सशस्त्र टोळीने त्यांच्यावर बलात्कार केले, तेही त्या आवारात. त्यातले बरेच कचेरीशेजारच्या सांस्कृतिक केंद्राच्या इमारतीत झाले. आज आपणही एका सांस्कृतिक संस्थेच्या सभागृहात बसलो आहोत. ते वाचताना मला थांबावे लागले होते.

अकायेसूवर खटला उभा राहिला, तेव्हा पहिल्या आरोपपत्रात लैंगिक अत्याचाराचा एकही आरोप नव्हता. जानेवारी १९९७ मध्ये साक्षी सुरू झाल्या. सुरक्षिततेसाठी साक्षीदारांची नावे झाकून त्यांना रोमन अक्षरांनी ओळखले जात होते. 'जे' या अक्षराने नोंदलेली एक बाई दुसऱ्याच घटनांबद्दल सांगत होती. सांगता सांगता ती म्हणाली, की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. पुढे 'एच' या साक्षीदार बाईने स्वतःवरच्या बलात्काराबद्दल सांगितले. तीन न्यायाधीशांमध्ये एकच स्त्री होती, दक्षिण आफ्रिकेच्या तमिळ वंशाच्या नवनेथम पिल्ले. पीठाने या साक्षीदारांना पुढचे प्रश्न विचारले. स्त्रियांच्या संघटनांनी आणि कायद्याच्या अभ्यासकांनीही आवाज उठवला. जून १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झाले. हे आधी का झाले नाही, याची कारणे देताना अभियोग पक्षाने दोन गोष्टी मान्य केल्या. एक, या अत्याचाराबरोबर येणारी लाज. दुसरी, तपासातली असंवेदनशीलता.

म्हणजे बायका गप्प होत्या हे अर्धेच खरे. नीट विचारणारेही कुणी नव्हते.

आणि आता भाषेचा वर्ग. साक्षीदार किन्यारवांडा भाषेत बोलत होत्या. त्याचे फ्रेंच होई आणि फ्रेंचवरून इंग्रजी. इंग्रजी नोंदीत सगळीकडे 'बलात्कार' याच अर्थाचा शब्द आला होता. न्यायाधीशांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. त्यांनी दुभाष्यांना विचारले, या बायका मुळात कोणते शब्द वापरतात? निकालपत्रात चार शब्द नोंदले आहेत. 'गुसंबान्या' म्हणजे कुणाला व्यभिचार करायला लावणे. 'कुरुंगोरा' म्हणजे स्त्रीशी संभोग करणे, मग ती विवाहित असो वा नसो, तिची संमती असो वा नसो. 'कुर्यामाना' म्हणजे एका अंथरुणात झोपणे. आणि 'गुफाता कु न्गुफू' म्हणजे एखादी गोष्ट जबरदस्तीने घेणे, शिवाय बलात्कार करणे. साक्षीदार हे चारही शब्द एकमेकांच्या जागी वापरत होत्या. संदर्भ पाहून न्यायालयाने ठरवले, की दुभाष्यांनी केलेला अर्थ बरोबर आहे.

या चार शब्दांसमोर मी आपले शब्द मांडून पाहिले. चौथा शब्द तर आपलाच सख्खा भाऊ. 'बलात्' म्हणजे बळाने आणि 'कार' म्हणजे करणे. आपल्या शब्दातही बळ आहे, अब्रू नाही. मूळ शब्द स्वच्छ आहे. पण तो उच्चारायला जड जातो, म्हणून आपण भोवती पडदे लावले: अतिप्रसंग, गैरकृत्य, 'नको ते झाले', 'तिला भ्रष्ट केले'. इंदूर-भोपाळकडे आपण जी हिंदी वर्तमानपत्रे वाचतो, त्यांत 'ज्यादती' हा शब्द सर्रास येतो. ज्यादती म्हणजे मर्यादेपलीकडे जाणे. तो शब्द ऐकला की वाटते, मर्यादेत राहिले असते तर चालले असते.

हा केवळ आपल्या भाषांचा दोष आहे असे मात्र समजू नका. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या २७ व्या कलमात युद्धकाळात स्त्रियांना संरक्षण दिले आहे. ते कशापासून? त्यांच्या 'प्रतिष्ठेवरील' हल्ल्यापासून, आणि त्यात बलात्कार मोडतो, अशी त्याची रचना आहे. आपल्या दंडसंहितेच्या मराठीत 'विनयभंग' आहे. जगाच्या कायद्यातही जखम शरीराला न होता प्रतिष्ठेलाच होत होती. अकायेसू निकालाने ती जागा बदलली. बलात्कार म्हणजे सक्तीच्या परिस्थितीत एखाद्या व्यक्तीच्या शरीरावर केलेले लैंगिक आक्रमण, अशी त्याने व्याख्या केली. अवयवांच्या यांत्रिक वर्णनात हा गुन्हा मावत नाही, तो छळासारखा समजून घ्यावा, असेही म्हटले. तुत्सी स्त्रियांवरचे बलात्कार हा तो समाज नष्ट करण्याच्या कृतीचाच भाग होता, हा निष्कर्ष एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने प्रथमच काढला.

आणि कर्ता? अकायेसूने स्वतः कुणावर बलात्कार केल्याचा आरोप नव्हता. तो तिथे होता, त्याने पाहिले, आणि त्याच्या बोलण्याने टोळीला हुरूप आला. 'जेजे' या साक्षीदार बाईने त्याला सांस्कृतिक केंद्राच्या दाराशी उभा पाहिल्याचे सांगितले. न्यायालयाने त्या दाराशी उभ्या असलेल्या माणसालाही कर्त्यांमध्ये धरले. त्याला जन्मठेप झाली आणि २००१ मध्ये अपिलातही ती कायम राहिली.

इथे गोष्ट संपली असती तर मला आवडले असते. पण २००१ मध्ये त्याच न्यायाधिकरणात, दुसऱ्या एका खटल्यात, बलात्कार सोसलेल्या एका साक्षीदार बाईची उलटतपासणी चालू असताना न्यायाधीश हसले. वकिलाच्या निकृष्ट प्रश्नांना हसलो, असा खुलासा झाला. समोर बसलेल्या त्या बाईला ते कसे कळावे? आणखी एक गोष्ट. अनेक स्त्रियांना त्या बलात्कारांतून एचआयव्हीची लागण झाली होती. सुरुवातीची काही वर्षे आरुशाच्या तुरुंगातल्या आरोपींना औषधोपचार मिळत होते, आणि साक्ष द्यायला येणाऱ्या स्त्रिया गावात औषधावाचून मरत होत्या. तेव्हा व्याख्या सुधारली की उदासीनता संपते, असा दावा मी करणार नाही.

हे दूरच्या देशाचे झाले असेही कुणी म्हणू नये. फाळणीनंतर १९४९ मध्ये आपल्या संविधान सभेने कायदेमंडळ म्हणून अपहृत व्यक्तींसंबंधी जो कायदा केला, त्याच्या नावातच 'परत मिळवणे' आणि 'परत सोपवणे' हे शब्द होते. हरवलेल्या सामानाबद्दल आपण असेच बोलतो. परत जायचे की नाही, हे त्या स्त्रीने ठरवायची सोय त्यात नव्हती. १९७१ नंतर बांगलादेशाने अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना 'बीरांगना' म्हणून गौरवले. शब्द आपल्याच वीरांगनेचा. हेतू चांगला होता, पण गावोगावी तोच शब्द बोट दाखवण्यासाठी वापरला गेला आणि कित्येकींनी तो लपवला. चांगला शब्द दिला की काम झाले असे होत नाही. तो शब्द ऐकणारा समाज कसा आहे, हेही पाहावे लागते.

मग आपण, भाषेत काम करणाऱ्यांनी, काय करायचे? माझ्यापुरते मी तीन गोष्टी ठरवल्या आहेत. वर्गात, लेखनात आणि अनुवादात 'अब्रू' हा शब्द दुसऱ्याच्या तोंडी असेल तर ठेवते, स्वतःच्या वाक्यात वापरत नाही. दुसरे, 'झाला' लिहून हात थांबला की 'कुणी केला' हे शोधते. या व्याख्यानातही मी काही ठिकाणी 'झाला' म्हणाले आहे. सवय सहज सुटत नाही. तिसरे, एखादी बाई अडखळत, आडवळणाने, 'झोपणे' किंवा 'वाईट काम' अशा शब्दांत सांगत असेल, तर तिचा शब्द सुधारायला धावत नाही. त्या न्यायाधीशांनी केले तसे, त्या शब्दामागे काय आहे ते विचारते आणि थांबते.

त्या मुलीला मी पुढच्या तासाला तेच मथळे पुन्हा लिहायला सांगितले. तिने पहिला मथळा खोडला आणि लिहिले, 'तिघांनी तरुणीवर बलात्कार केला.' मागून एका मुलाने विचारले, "मॅडम, आणि कुणी केला हे माहीतच नसेल तर?" तिनेच उत्तर दिले, "मग 'अज्ञात इसमांनी' असे लिहायचे. म्हणजे शोधायचे राहिले आहे, हे तरी कळेल."