पोथ्यांची नाती आणि संगणकीय ग्रंथालय
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



ज्ञानपंचमी असो वा श्रुतपंचमी, आपण पोथीपुढे नतमस्तक होतो. पूजा आटोपली की पोथी पुन्हा वेष्टनात जाते. आपल्या संग्रहातील पोथ्यांची छायाचित्रे संगणकात साठविण्याचा विचार आता पुढे आला आहे. तो स्वागतार्हच आहे. मात्र ती छायाचित्रे नुसती अनुक्रमांकाने ठेवली, तर कापडी वेष्टनाच्या जागी संगणकीय वेष्टन येईल, इतकेच.

सूचीकार्याची थोर परंपरा आपल्याला लाभली आहे. प्रा. ह. दा. वेलणकर यांचा ‘जिनरत्नकोश’ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९४४ साली प्रसिद्ध केला. परंतु छापील सूचीला क्रम एकच असतो. एखाद्या सूत्रावर कोणकोणत्या टीका झाल्या, त्यांच्या प्रती कोठे आहेत, त्या कोणी लिहिविल्या, असे प्रश्न एकामागून एक आले की अनेक पाने चाळावी लागतात.

यावर संगणकशास्त्राने दोन साधने दिली आहेत. पहिले ‘ऑन्टॉलॉजी’. आपल्या ज्ञानक्षेत्रात कोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत आणि त्यांच्यात कोणती नाती संभवतात, याचा आधी ठरविलेला आराखडा म्हणजे ऑन्टॉलॉजी. ग्रंथ, प्रत, व्यक्ती, स्थान हे प्रकार. ‘रचिला’, ‘टीका केली’, ‘प्रत लिहिली’, ‘दान दिली’ ही नाती. ग्रंथ आणि प्रत यांतील भेद येथे महत्त्वाचा आहे. ‘तत्त्वार्थसूत्र’ हा ग्रंथ एक. त्याच्या प्रती असंख्य. पूज्यपादांची ‘सर्वार्थसिद्धी’ आणि अकलंकांचे ‘राजवार्तिक’ हे मात्र त्याच सूत्रावरील स्वतंत्र टीकाग्रंथ.

दुसरे साधन ‘ग्राफ डेटाबेस’. व्यापारी बांधवांना ते चटकन उमजेल. रोजकीर्दीत व्यवहार तारखेच्या क्रमाने येतात. खतावणी केली की प्रत्येकाचे खाते उभे राहते. ग्राफ डेटाबेसमध्ये प्रत्येक ग्रंथ, व्यक्ती व गाव हे एकेक खाते असते आणि प्रत्येक नाते ही दोन खात्यांना जोडणारी नोंद. म्हणून एका पोथीवरून तिच्या लिपिकाराकडे, त्याच्याकडून त्याने लिहिलेल्या अन्य पोथ्यांकडे आणि तेथून दात्यांच्या गावांकडे सहज जाता येते.

आणखी एक मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. तत्त्वार्थसूत्राच्या कर्त्याला श्वेतांबर परंपरा उमास्वाती म्हणते, तर दिगंबर परंपरेत उमास्वामी हे नाव रूढ आहे. सूत्रावरील भाष्य स्वतः सूत्रकाराचेच, असे श्वेतांबर मानतात. दिगंबरांना ते मान्य नाही. ‘कर्ता’ या एकाच रकान्यात एकच नाव लिहिण्याची सक्ती झाली, तर एका परंपरेचे मत नोंदीबाहेर राहील. नात्याच्या नोंदीसोबत ‘हे कोणाचे मत, कशाच्या आधारे’ हेही लिहिता येते. दोन्ही मते आपापल्या आधारासह शेजारी नांदतात. अनेकांत शिकविणाऱ्या समाजाच्या ग्रंथालयाला याहून शोभणारी पद्धत कोणती?

तेव्हा माझी नम्र सूचना अशी की, सुवर्णमहोत्सवी वर्षाचे स्मरण म्हणून आपण प्रथम पन्नास पोथ्या घ्याव्यात. त्यांची अखेरची पुष्पिका जाणकारांकडून वाचून घ्यावी. लिपिकार, संवत, गाव व दाता यांची नोंद करावी. कोणती पोथी कोणत्या घराण्याकडून आली, हे आपल्या वयोवृद्धांना विचारून त्यांच्या नावासह लिहून ठेवावे. सॉफ्टवेअर पुढील वर्षीही मिळेल, काही तर विनामूल्य मिळते; वडीलधाऱ्यांच्या स्मरणातली माहिती त्यांच्यासोबत गेली, तर ती कोणत्याही मोलाने परत येणार नाही. म्हणून छायाचित्रांच्या आधी हे काम हाती घ्यावे.

विश्वस्त मंडळ याचा विचार करील, अशी आशा व्यक्त करून मी माझे दोन शब्द पुरे करतो.

जय जिनेंद्र!